भिंतीपाशीचा ठसका

शर्यत संपली की गाडी दोराने ओढून आणायची, इंजिन पुन्हा सुरू करायचे नाही, आणि चालक आपणहून बोलेपर्यंत त्याला कोणी काही विचारायचे नाही. आमच्या वर्कशॉपचे हे नियम माझ्या यजमानांनी घालून दिले. त्यांच्या पश्चात मी ते मोडू दिले नाहीत. पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद केले, तर स्पार्क प्लगच्या टोकावर त्या क्षणीचा रंग जसाच्या तसा राहतो. मग आठ सिलिंडरांचे आठही प्लग लाकडी फळीच्या भोकांत क्रमाने उभे करून फळी माझ्यासमोर आणली जाते. ती वाचण्याचा अधिकार माझा.

त्या हंगामात आमची गाडी हरतच होती. सरळ धावपट्टीवर एका वेळी दोन गाड्या सुटत, आणि सुटताना आमची पुढे असे. पण इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या वर गेले, की ठसका लागावा तशी एकाएकी मिसिंग मारू लागे, म्हणजे ठिणगी चुकू लागे. पाइपातून धडाका होई आणि शेजारची गाडी निघून जाई. गाडी चालवीत होता माझा मुलगा, ज्याला धावपट्टीवर सगळे ‘बाण’ म्हणत. इंजिन बांधले होते माझ्या जावयाने.

“जावईबापू,” अशाच एका हारीनंतर मी सगळ्यांदेखत विचारले, “इंजिन बांधलंय की दम्याचा रोगी पाळलाय?”

बाण हातमोजे काढीत हसला. “दाजी, पुढच्या खेपेला टाकीत खोकल्याचं औषध ओता.”

माझी लेक रॉकेलच्या ताटलीत नट धूत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

“आता नीट ऐका,” मी म्हणाले. “पुढच्या शर्यतीत ठसका लागला, तर आपली अवजारांची पेटी उचलायची आणि चालू लागायचं. नाही लागला, तर वर्कशॉप तुमच्या हाती. हा माझा शब्द आहे.”

जावई फक्त “बरं, आई” म्हणाला. कायमची नोकरी सोडून तो माझ्या बोलावण्यावरून आला होता. परत जायला त्याला जागा उरली नव्हती, आणि हे मला ठाऊक होते.

त्याने कसर ठेवली नाही, हे मान्य केले पाहिजे. प्लगची फट कमी केली. कॉइल बदलली, वायरी बदलल्या. व्हॉल्व्हची एकेक स्प्रिंग दाबून पाहिली आणि नरम पडलेल्या भंगारात टाकल्या. इंधनाचा दाब मोजला. तो शेवटपर्यंत पुरेसा होता. मग इंजिन उतरवून चाचणीच्या चौकटीवर चढवले आणि काचा थरथरेपर्यंत फिरवले. एकही ठसका नाही. पुन्हा गाडीत बसवले, बाणाने सरावाला नेले, आणि ठसका हजर.

“दाजी, गाडी तुमच्यावर रुसलीय,” बाण म्हणाला.

दुसऱ्या दुपारी जावई फळी घेऊन माझ्या खोलीत आला. “आई, दार लावून घेऊ?”

“घ्या.”

“हे बघा. आठही सारखेच काळे, सारखेच ओले. एखादा प्लग किंवा एखादा व्हॉल्व्ह बिघडला असता, तर एकच सिलिंडर रडला असता. इथे आठांचीही ठिणगी एकदम जाते आणि एकदम येते.”

“एवढं मला फळी बघून पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढे बोला.”

“म्हणून आज सकाळी मी मागच्या चाकांचे गिअर बदलले. आता इंजिन आठ हजारांवर पुष्कळ आधी पोचतं. दोष फेऱ्यांचा असता, तर ठसकाही आधी लागायला हवा होता.” तो घुटमळला. “पण तो जागचा हलला नाही. डाव्या हाताची काँक्रीटची भिंत जिथे सुरू होते ना, तिथेच लागला. आई, इंजिनाला भिंत दिसत नाही.”

आमच्या स्टिअरिंगवर अंगठ्याखाली एक लाल बटण आहे. ते दाबून धरावे तोवर आठही सिलिंडरांची ठिणगी बंद असते. वेगावरचा पाय उचलला, तर आवाज उतरतो आणि सगळ्यांना कळते; बटण दाबले, तर इंजिनाला ठसका लागल्यासारखे वाटते. गेल्या हंगामात बाणाच्या डोळ्यांदेखत एक गाडी त्या भिंतीवर आदळली होती. त्यानंतर कितीतरी दिवस तो भरल्या ताटावरून उठून जाई. पोट बिघडले असेल, असे घरात सगळे धरून चालले होते.

“त्याला एकदा नुसतं विचारलं असतं, तरी—”

“या घरात चालकाला विचारत नाहीत.”

“म्हणूनच तर इतके दिवस मी चांगले भाग काढून फेकत बसलो.”

“हे कुणाकुणाला सांगितलंत?”

“कुणालाच नाही.”

“बायकोला?”

“तिलाही नाही. भाऊ आहे तिचा.” मग त्याने आवाज खाली आणला. “आई, त्याला गाडीतून उतरवा. घाबरणं हा काही गुन्हा नाही.”

मी फळी त्याच्या हातात परत दिली. “बटणाची वायर तोडा.”

त्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले. “सुरक्षेसाठी असतं ते बटण. तपासनिसांना कळलं तर—”

“इंजिन बंद करायला मोठा स्विच आहे ना?”

“आहे, पण तो छताजवळ आहे. भर वेगात हात स्टिअरिंगवरून काढून वर न्यावा लागेल. सगळ्यांना दिसेल.”

“दिसू द्या. तोडताय, की पेटी भरताय?”

त्याने वायर स्वतःच्या हाताने कापली, टोकांना पट्टी गुंडाळली आणि ती आवरणाआड सारली. मी शेजारी उभी राहून पाहिले. काम नेहमीप्रमाणे स्वच्छ होते.

शर्यतीच्या सकाळी बाण सगळ्यांशी थट्टा करीत गाडीत बसला. हिरवा दिवा लागला. मी कठड्याशी उभी होते. माझ्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला जावई. गाडी सुटली, आवाज चढत गेला, भिंत आली. आवाज तुटला नाही. तो चढतच राहिला, आणि माझा मुलगा शेजारच्या गाडीला बरीच मागे टाकून रेषेपार झाला. लेकीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. तो मात्र कठडा धरून खाली बघत होता.

दोराला बांधलेली गाडी परत आली. बाण उतरला. हेल्मेट काढले तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि उजव्या अंगठ्याचे नख मुळापाशी निळे झाले होते. सगळे गोळा झाले. तो बोलेपर्यंत कोणी बोलणार नव्हते. त्याने आधी दाजींकडे पाहिले, मग माझ्याकडे. बटण मेले आहे असे म्हणावे, तर ते दाबल्याचे कबूल करावे लागणार होते.

“झकास चालली गाडी,” तो म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी प्लग वाचले. आठही फिकट तपकिरी, अगदी हवे तसे.

वर्कशॉपवर परतल्यावर मी जावयाला म्हणाले, “पेटी उचला.”

तो आधी हसला. त्याला ती थट्टा वाटली. “आई, ठसका कुठे लागला?”

“नाही लागला.”

“मग तुमचा शब्द?”

“शब्द इंजिन बांधणाऱ्याला दिला होता. माझ्या मुलाची भीती ठाऊक असलेल्या माणसाला नाही. तुम्ही रोज त्याच्याकडे बघाल, तो रोज तुमच्याकडे बघेल, आणि एक दिवस तुम्हाला त्याची दया येईल. ती मला या छपराखाली नको.”

“मी बाहेर जाऊन सांगितलं तर?”

“काय सांगाल? वायर कुणी तोडली, तेही सांगाल ना? तपासनिसांनी एकदा यादीतून नाव काढून टाकलं, की कुठल्याच वर्कशॉपात कुणी पाना हातात देणार नाही.”

वायर त्याच्याच हातून का तोडवून घेतली, हे त्याला त्या क्षणी उमगले. त्याने पेटीत एकेक पाना आपापल्या खणात ठेवला. घाई केली नाही. पेटी जड होती. तो वाकला, तेव्हा लेकीने दुसरी कडी धरली.

“तू कुठे निघालीस?” मी विचारले.

“पेटीला दोन कड्या असतात, आई.”

मी तिला थांबवले नाही. दारातून पेटी तिरकी करून काढावी लागली; चौकटीचा एक टवका उडाला, तो अजून तसाच आहे.

बाण गाडीजवळ उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. ते दोघे रस्त्याला लागल्यावर तो माझ्याजवळ आला.

“आई, ते बटण...”

“काय बटण?”

तो पुन्हा गाडीकडे वळला. “काही नाही,” म्हणाला.

पुढच्या शर्यतीला इंजिन बांधायला दुसरा माणूस होता. त्याला काहीही ठाऊक नव्हते. बाण गाडीत बसला आणि हातमोज्यातला अंगठा सवयीने त्या मेलेल्या लाल बटणावर गेला. तो तसाच तिथे टेकून राहिला. मी वाकले, त्याच्या खांद्यांवरचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढले, आणि त्याला हलता येणार नाही इतके आवळले.