कोंबडीच्या पंखातलं नख

१९५४ साली मी रहाटणीच्या शाळेत नवी शिक्षिका होते. नोकरी कायम व्हायची होती आणि जीभ मात्र पहिल्यापासूनच तिखट. माझं आणि आईचं पोट त्या नोकरीवर होतं, तरी जिभेला लगाम नव्हता.

चौथीला मी एक चित्र दाखवलं. जर्मनीतल्या दगडात सापडलेला प्राचीन पक्षी: अंगावर पिसं, पण जबड्यात दात, मागं हाडांची लांब शेपटी आणि पंखांना नखं. मुलांना सांगितलं, पक्षी हे डायनोसॉर नावाच्या प्रचंड सरड्यांच्या भाऊबंदांपैकी.

गावात ते पोचलं असं: बाई म्हणतात, कोंबडी घोरपडीची लेक. त्यात जत्रा तोंडावर. देवीला आपण देतो तो कोंबडा की घोरपडीचं पोर, यावरून घराघरांत भांडणं जुंपली. पाटील दौलतरावांनी तालुक्याला अर्ज ठोकला, या बाईला काढा.

चौकशीला शाळा तपासणारे दिपोटी साहेब आले ते नेमके जत्रेच्या दुसऱ्या, तिखटाच्या म्हणजे कोंबड्या कापायच्या दिवशी. पाटलांच्या पडवीत बसून त्यांनी मला विचारलं, "पक्ष्याच्या पंखाला नख? बाई, तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"चित्रात पाहिलंय."

"चित्रात रावणाला दहा तोंडं असतात!"

सगळी पडवी हसली. मी माळकऱ्याच्या घरातली, कोंबडी कधी हातात धरली नव्हती. संतापानं कान तापले आणि खरं सांगते, रडूही आलं. नोकरी गेलीच, असं मी धरून चालले.

"नख हाय की!"

परसातून आवाज आला. जत्रेत गावच्या कोंबड्या सोलून साफ करायचं काम आक्काबाईंकडे असे. हातात सोललेला पंख घेऊन त्या तशाच पडवीत आल्या.

"ह्ये बघा सायेब, पंखाच्या आंगठ्यावर. समद्यास्नी नसतंय, पर लई कोंबड्यांना असतंय. पाव्हन्याच्या घशाला टोचंल म्हून मी पयलं ह्येच छाटती. चाळीस वर्सं छाटतीया. तुमी खानारी मान्सं, तुमाला कुटनं दिसनार?"

साहेबांनी चष्मा लावला. पंख दुमडतो तिथल्या इवल्या आंगठ्याच्या टोकाला बारीक, वाकडं, अगदी खरंखुरं नख होतं. मीही ते पहिल्यांदाच बघत होते आणि मला नाचावंसं वाटत होतं.

आक्काबाईंनी कोंबडीचा पायही पुढं केला. "आन् ही खवलं? सरड्याची न्हाईत तर कुनाची?"

"पर देवीचं काय?" दौलतराव पुटपुटले.

"देवीला कवाचंच ठावं आसंल. तिनं कवा कोंबडा परत धाडलाय व्हय?"

आता पडवी हसली ती पाटलांना. साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि तिथंच शेरेबुक उघडून त्यांनी लिहिलं: बाईंनी शिकवलं ते बरोबर आहे. त्यांना कायम करावं.

सोमवारी तोच धडा मी पुन्हा घेतला. माझ्या खुर्चीवर आक्काबाई बसल्या आणि मी पोरांत मांडी घालून. दौलतराव दारात घुटमळत होते. त्यांनाही नख बघायचं होतं.