कुकरच्या शिट्टीनंतरचं हसणं

अवधूतचं हसणं चारचौघांत शोभणारं मुळीच नव्हतं. आधी नुसते खांदे हलायचे, मग थंडीतली स्कूटर किक मारताना करते तसली घरघर घशातून निघायची, आणि एकदा का गाडी सुरू झाली की थांबायचं नाव नाही. लग्नानंतर सुरुवातीला अरुंधतीला या हसण्याची भारी लाज वाटायची. कोणाच्या मुंजीत, कोणाच्या साखरपुड्यात हा माणूस सुरू झाला की ती पदर सावरत लांब जाऊन उभी राहायची, जणू त्याची बायको दुसरीच कोणी आहे. आज त्याच नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं, आणि सुकापूरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसलेल्या अरुंधतीला जगातलं दुसरं काही नको होतं. ते हसणं तिला एकदा ऐकायचं होतं, आणि मुख्य म्हणजे लेकीला ऐकवायचं होतं.

कारण लेकीनं, आभानं, बापाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ती पाळण्यात असतानाच अवधूतला घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि माणूस वाचवला. त्याबद्दल कुरकुर करायला जागा नाही. माणूस पुढे पंचवीस वर्षं जगला, तळोज्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळत राहिला, आभाला सायकल शिकवली, दहावीला तिचं गणित घेतलं. सगळं खुणांनी, पाटीवर लिहून आणि पुढे मोबाइलवर टाइप करून. पण हसू आलं की गळ्याला पाडलेलं भोक झाकणाऱ्या रुमालामागून नुसती हवा फसफसायची, आणि आभाच्या छोट्या मैत्रिणी घाबरून आपापल्या घरी पळायच्या. दोन-चारदा असं झाल्यावर त्यानं हसणंच टाकून दिलं.

"आई, बाबांचा आवाज कसा होता गं?" आभा लहानपणी विचारायची. आता आवाज काय सांगून कळतो? "जाड होता," एवढं म्हणून अरुंधती भाजी चिरायला लागायची. लग्नाची कॅसेट होती, पण त्या व्हिडिओवाल्यानं हौसेनं सबंध लग्नावर सनई चढवून ठेवलेली. अवधूत उखाणा घेताना दिसतो, त्याचे ओठ हलतात, आणि ऐकू काय येतं तर सनई! त्या व्हिडिओवाल्याला अरुंधतीनं आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पण एका ठिकाणी त्याचा आवाज शिल्लक होता.

'सामंतांकडचा चहा' नावाची एक विनोदी मालिका तेव्हा लागायची. आप्पा सामंत, त्यांची बायको नलू आणि शेंडेफळ पिंकी. घरात रोज काहीतरी बिनसायचं आणि शेवटी चहाच्या कपावर मिटायचं. मालिका समोर प्रेक्षक बसवून चित्रित व्हायची. एकदा पनवेलच्या महिला मंडळानं बस केली आणि ही दोघं मुंबईला स्टुडिओत जाऊन आली. 'हसा' अशी पाटी दाखवली की हसायचं, असं तिथल्या माणसानं बजावलं होतं. अवधूतनं पाटीकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या भागात पिंकी होस्टेलला निघालेली असते. तिला निरोप कसा द्यायचा याची आप्पा स्वयंपाकघरात एकटेच तालीम करतात, आणि समोर कोणी नाही म्हणून ओट्यावरच्या कुकरलाच पिंकी समजून सांगतात, "पोहोचलीस की कळव हं बाळा." नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते. सगळा स्टुडिओ हसला आणि शांत झाला. अवधूत हसतच राहिला, आणि शेजारी अरुंधती जमिनीत शिरायला जागा शोधत राहिली.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून कॅसेटवर उतरवून घेतला, आणि उरलेल्या टेपवर आणखी दोन-तीन भागही. अवधूतचं हसणं त्यात लख्ख ऐकू यायचं. ऑपरेशननंतर मात्र त्यानं ती कॅसेट लॉफ्टवर टाकली आणि पाटीवर लिहिलं, "हा माणूस गेला. पुन्हा लावायची नाही." त्याच्या जिवंतपणी अरुंधतीनं त्याचा शब्द मोडला नाही. पुढे मालिकेच्या मूळ टेप कुठे गेल्या कोणास ठाऊक, त्या वाहिनीचंही नाव कोणाला आठवेनासं झालं.

तो गेल्यावर तिनं कॅसेट खाली काढली आणि आभाच्या हातात दिली. "बाबांची आवडती मालिका आहे. मोबाइलवर दिसेल असं काहीतरी कर. वर्षश्राद्धाला दोघी मिळून बघू." त्यात काय आहे ते मुद्दाम सांगितलं नाही. पोरीनं अचानक ऐकावं आणि आपण म्हणावं, हा बघ, हा तुझा बाबा. एवढं एक सुख तिनं मनात जपून ठेवलं होतं.

सकाळी गुरुजी येऊन गेले, पानं उठली, पाहुणे पांगले. दुपारी आभानं मोबाइल टीव्हीला जोडला.

"नुसती मालिका नाही आहे हं," ती म्हणाली. "सरप्राइज आहे. त्यातले सगळ्यात गोड गोड प्रसंग काढून मी एक व्हिडिओ बनवलाय. कामोठ्याचे क्लास सांभाळून, महिनाभर खपून."

"कुकरचा प्रसंग घेतलास ना?" अरुंधती सोफ्याच्या कडेला सरकली.

"तो शेवटी ठेवलाय. सगळ्यात भारी तोच आहे."

व्हिडिओ सुरू झाला. नलू भांडून माहेरी गेलेली, दोनच दिवसांत स्वतःच परत येते, तर आप्पा आणि पिंकी चपला घालून दारातच, तिला आणायला निघालेले. मग पिंकीनं केलेल्या आमटीत साखर पडलेली, आणि आप्पा ती मिटक्या मारत दोन वाट्या पितात. जुनी चित्रं, धुरकट रंग, पण किती गोड माणसं! मागे हळुवार पियानो वाजत होता. हा पियानो कुठून आला, असं अरुंधतीच्या मनात आलं. पूर्वी इथे लोक हसायचे. पण हा भाग तिच्या मतलबाचा नव्हता, म्हणून तिनं ते मनातून झटकून टाकलं.

मग ओटा दिसला. आप्पा आले, कुकरसमोर उभे राहिले. अरुंधतीनं आभाचं मनगट घट्ट धरलं.

"पोहोचलीस की कळव हं बाळा," आप्पा म्हणाले.

शिट्टी झाली नाही. कोणी हसलं नाही. आप्पा पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडून तसेच थांबले. त्यांनी समोर पाहिलं, भुवया उंचावल्या, ओठाच्या कोपऱ्यातलं हसू दाबलं आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. पियानो वाजत राहिला. हे थांबणं अरुंधतीनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं, कारण तिथे कायम अवधूत असायचा. एवढा मोठा नट, शंभर माणसांसमोर, तिच्या नवऱ्याचं हसून व्हायची वाट बघत उभा होता. बऱ्याच वेळानं मान हलवून आप्पा पुढचं वाक्य बोलले. अरुंधतीला ते ऐकू आलं नाही.

तिचे डोळे वाहायला लागले. आभानं तिला कुशीत घेतलं. "मला माहीत होतं तू रडणार! काय मस्त झालाय ना?"

"लोक... लोक हसत होते ना गं यात?"

"शी, केवढा गोंगाट होता तो! एक ॲप आहे, आपण बटण दाबलं की फक्त बोलणं ठेवतं, बाकी सगळं साफ. शिट्टी पण गेली वाटतं त्यात. आणि आई, या कुकरच्या इथे तर एक माणूस असला हसत होता, असला हसत होता! आप्पांचं वाक्य कळेचना. मला तर वैताग आला त्याचा. तीनदा साफ करावं लागलं तेव्हा कुठे गेला."

अरुंधती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. आपण बापाला ऐकलं आणि वैतागलो, हे या पोरीच्या गावीही नव्हतं.

"पहिलं असेल ना तुझ्याकडे? साफ करायच्या आधीचं?"

"ते डिलीट केलं गं, फोन भरला होता. कशाला हवंय?"

"आणि कॅसेट?"

"तिला बुरशी आली होती. मोबाइलवर उतरवून देणाऱ्या दुकानदारानं कशीबशी एकदा चालवली, मग टेप अडकून तुटली. त्यालाच म्हटलं, टाकून द्या." आभानं तिचा चेहरा निरखला. "का गं? काय झालं?"

सांगावं? तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर आभाला निदान कळलं असतं, की आपला बाबा एके काळी स्टुडिओ दणाणून सोडायचा. पण त्याच्याबरोबर दुसरंही कळलं असतं, आणि ते मग तिला जन्मभर पुरलं असतं. चूक तरी कोणाची होती? एक वाक्य आधी बोलली असती तर! गुपित ठेवायची हौस तिची स्वतःची होती. अरुंधतीनं पदरानं तोंड पुसलं.

"काही नाही. छान केलंयस."

"बाबांना आवडलं असतं?"

"हो."

"हसले असते का गं ते?" आभानं विचारलं, आणि स्वतःच म्हणाली, "नाहीच म्हणा. बाबा कुठे हसायचे?"

अरुंधतीनं आभाच्या केसांवरून हात फिरवला आणि तो तिथेच राहू दिला.

"एक राहिलंय बघ," आभा मोबाइल उचलत म्हणाली. "कुकरपाशी आप्पा उगाचच थांबतात, बघितलंस? कंटाळवाणं वाटतं ते. तेवढं कापून टाकते आणि मग आत्याला पाठवते."

"नको," अरुंधती म्हणाली, आणि तिनं मोबाइलवर हात ठेवला. "ते कापू नकोस."

"अगं पण तिथे काहीच नाहीये, आई."

"माहितीये मला. तरी राहू दे."