परक्या पुस्तकावरचे वेष्टन

मित्रांनो, मी एक जुने वेष्टन आहे, पुस्तक नव्हे. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकावर जो गुळगुळीत कागद अंगरख्यासारखा सैल घातलेला असतो ना, तो मी. माझ्या खालच्या कडेला दोन बोटे रुंदीची एक घडी आहे. ती कशी पडली हे सांगताना आजही मला अंग चोरून घ्यावेसे वाटते. पण तुम्ही वाचणारी मुले आहात, तेव्हा तुमच्यापासून काय लपवायचे?

छापखान्यात माझा जन्म झाला. शाई वाळली, अंगावर चकाकी चढली आणि एका मावशींनी सराईत हातांनी मला एका भल्यामोठ्या ग्रंथावर चढवले. माणूस एकटा असताना वेगळा आणि चारचौघांत वेगळा का वागतो, यावरचा तो ग्रंथ. माझा रंग गडद निळा, अक्षरे सोनेरी. पाठीवर ग्रंथाचे सार सांगणाऱ्या काही ओळी छापलेल्या. दुकानात लोक मला हातात घेत, पाठ वाचत, मान डोलावत आणि परत ठेवत. मला वाटायचे, सगळे महत्त्व माझेच.

शेवटी मला विकत घेतले ते भिंगरीच्या बाबांनी. भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. एका जागी बसत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बाबा विमा कंपनीत तपासनीस होते. कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशी त्या जळक्या घरात जायचे, काय उरले आणि काय गेले ते पाहायचे आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचे काम. घरी आले की त्यांच्या बाहीला धुराचा वास येई.

दर शनिवारी त्यांच्या घरी वाचन मंडळ जमे. खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले काका येत, निवृत्त मुख्याध्यापिकाबाई येत. सध्या काय वाचता, ते प्रत्येकाने सांगायचे. बाबांनी मोठ्या हौसेने ग्रंथ आणला, पहिली काही पाने वाचली आणि पुढे त्यांचे मन लागेना. दिवसभर काजळी पाहून आलेल्या माणसाला ते जड जात होते. पण मंडळात तसे सांगायची त्यांना लाज वाटली. मग माझ्या पाठीवरच्या ओळी त्यांनी पाठ केल्या आणि दर शनिवारी त्यातलीच एक-एक ओळ फिरवून फिरवून सांगू लागले.

"साहेब, तुमचं वाचन म्हणजे खोल," चष्मेवाले काका म्हणत. "आम्ही आपले काठावर पाय ओले करणारे."

बाबा नुसते हसत. मीही फुगून जात असे.

त्याच सुमारास भिंगरी पाचवीत गेली. तिचे एक लाडके पुस्तक होते. एका साळिंदराचे घर पुरात वाहून जाते आणि ते काटक्या-पाने जमवून नवे घर बांधते, अशी त्यात गोष्ट होती. मूळ पुस्तक बाबांचेच. त्यांच्या थोरल्या ताईने ते त्यांना वाचून दाखवले होते, आणि भिंगरी लहान असताना त्यांनी ते तिला दिले होते. तिने त्यातले साळिंदर जांभळ्या खडूने रंगवले होते.

एके दिवशी बाबा तिला म्हणाले, "आता मोठी झालीस. साळिंदरं पुरे. विचार करायला लावणारं काहीतरी वाच."

"मग माझं पुस्तक?"

"मुलांच्या वाचनालयाला दिलं. तिथली लहान मुलं वाचतील."

मित्रांनो, ते पुस्तक वाचनालयात गेलेच नव्हते. बाबा द्यायला म्हणून निघाले, वाटेत एका बाकावर बसून चाळू लागले आणि पुस्तक घेऊन तसेच परत आले. घरी त्यांनी मला ग्रंथावरून उतरवले आणि साळिंदरावर चढवले. पुस्तक जाडीला बरोबर होते, पण बुटके होते. म्हणून त्यांनी माझी खालची कड दोन बोटे आत मुडपली आणि नखाने दाबली. तीच ही घडी.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचत. बाहेरून दिसे तो गंभीर ग्रंथ. आत साळिंदर काटक्या जमवत असे. नव्या घराचे पान आले की बाबा तिथे बराच वेळ थांबत. कपाळावरच्या आठ्या सैल होत. त्यात वाईट काहीच नव्हते. वाईट होते ते दुसरेच.

भिंगरी दर आठवड्याला मुलांच्या वाचनालयात जाई आणि त्याच खुर्चीजवळ येऊन उभी राही.

"आजही नव्हतं, बाबा. वाचनालयातल्या ताईंनी मागचं कपाटसुद्धा काढून बघितलं."

"कुणीतरी नेलं असेल," माझ्याआडून बाबा म्हणत.

तिचे पुस्तक तिच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि मध्ये फक्त मी. तेव्हा पहिल्यांदा मला माझी सोनेरी अक्षरे नकोशी झाली.

एका शनिवारी बाई म्हणाल्या, "इतके दिवस ऐकतोय. आज एखादं पान वाचून दाखवा की."

"पुढच्या वेळी वाचतो," बाबा म्हणाले. पण तोवर चष्मेवाल्या काकांनी खुर्चीच्या हातावरून पुस्तक उचलून उघडलेही होते. आत डोक्यावर मडके घेतलेले एक जांभळे साळिंदर होते.

"लेखकाचा हात चित्रकलेतही चांगला आहे," काका म्हणाले. कुणीच हसले नाही, कारण पाण्याचे पेले घेऊन भिंगरी दारात उभी होती. जांभळा रंग तिने ओळखला होता.

"तुम्ही वाचनालयाला दिलं होतं ना?"

बाबांचे कान लाल झाले. ते बाईंकडे पाहू लागले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी मुलीला उत्तर द्या. आम्हाला नंतर दिलंत तरी चालेल."

"दिलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मलाच ठेवून घ्यायचं होतं."

"मग मी शोधत होते तेव्हा?"

भिंगरीने पेले खाली ठेवले, पुस्तकावरून मला काढून टेबलावर ठेवले आणि आपले पुस्तक पोटाशी धरून आत निघून गेली. मी तसेच दुमडलेले, आत कुणी नसलेल्या तंबूसारखे उभे राहिले. सगळे माझ्याकडेच पाहत होते, आणि या वेळी कौतुकाने नव्हे.

पुढे बरेच दिवस मी वर्तमानपत्रांखाली पडून होते. माझ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग पडला. एकदा मला उचलून भिंगरीची आई म्हणाली, "आता हे कुणाला घालताय? माझ्या हिशेबाच्या वहीला घाला, तीही भारदस्त दिसेल." बाबा मान खाली घालून बसले. मग उठले आणि भिंगरीला म्हणाले, "चल, त्या ताईंना सांगून येऊ. माझ्यामुळे त्यांनी कपाटं उपसली."

"तुम्ही सांगा," भिंगरी म्हणाली. "मी नुसती येते."

ते तसे सांगून आले. परत येताना भिंगरी म्हणाली, "पुस्तक हवं असेल तर माझ्याकडे मागायचं. मी देईन. पण वर काही घालायचं नाही."

पुढच्या शनिवारी टेबलावर दोन पुस्तके होती. साळिंदराचे उघडे होते, भिंगरीकडून मागून आणलेले. दुसरा तो ग्रंथ, आणि त्यावर मी.

"हे वाचलंय, पुष्कळदा," बाबा म्हणाले. "हे वाचलेलं नाही. मी जे सांगत होतो, ते सगळं या वेष्टनावर छापलेलं आहे." त्यांनी मला उलटे करून सर्वांना दाखवले.

आता ते रोज थोडा थोडा ग्रंथ वाचतात. जड गेले की तसे सांगतात. भिंगरीने एकदा अंगठ्याने माझी घडी चोळून पाहिली. ती जाईना.

"राहू दे," बाबा म्हणाले. "ती माझी आहे."

मुलांनो, आम्हा वेष्टनांना ओल्या हाताने धरू नका, आमच्यावर कप ठेवू नका. पण त्याहून मोठे मागणे वेगळेच आहे. साळिंदराची गोष्ट आवडत असेल तर ती उघड्यावर वाचा. आणि कुणी आपले हरवलेले पुस्तक शोधत तुमच्यासमोर उभे राहिले, तर त्याच्या आणि पुस्तकाच्या मध्ये मला धरू नका.