वन्सं आणि अणुभट्टी

रविवारी दुपारी तीनला शिफ्ट सुरू होणार होती आणि अडीचलाच माझे तळहात ओले झाले. गाउनला पुसले, कीबोर्डवरची धूळ झटकली, पुन्हा तळहात पुसले.

"परीक्षा आहे का कसली?" ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"आहेच," मी म्हणाले.

खेळ असा. चाळीसेक माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसतात आणि दीड तास एका अंतराळ स्थानकावरचे नोकर होतात. कुणी डॉक्टर, कुणी आचारी, कुणी कप्तान. बोलायचं ते टाइप करून, वायरलेसवर. मेलात तर पुढच्या शिफ्टपर्यंतच. काही ना काही बिघडतंच. जिंकणं-हरणं नाही, ज्या पदावर आहात त्या पदासारखं वागायचं, एवढंच. मी वर्षभर तिथे पाइप जोडले. माझं नाव टाचणी. शिलाईच्या कारखान्यात मी तयार कपडे तपासते, त्यामुळे नाव विचारलं तेव्हा समोर होतं ते टाकलं.

आता मला अभियांत्रिकी खात्याची प्रमुख व्हायचं होतं. त्यासाठी चाचणीच्या तीन शिफ्ट. एक निरीक्षक कुणाला न दिसता हिंडतो आणि शेवटी शेरा देतो. पहिला शेरा होता, 'खात्याला प्रमुख नव्हत्या. त्या पाइप जोडत होत्या.' म्हणून दुसऱ्या शिफ्टला मी कशालाही हात लावला नाही, नुसती बोलले. शेरा आला, 'विनंत्या उत्तम. हुकूम एकही नाही. प्रत्येक वाक्याला "जमलं तर" कशासाठी?'

कशासाठी म्हणजे? चोवीस वर्षांच्या संसारात मी त्याशिवाय कुणाला काही सांगितलेलं नाही. जमलं तर बल्ब बदला. जमलं तर आज लवकर या. बल्ब मीच बदलते, ते सोडा. कारखान्यातही तीच तऱ्हा. लाइनची सुपरवायझर व्हा म्हणून दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं. आता तिसऱ्यांदा विचारलंय, सोमवारी सकाळी उत्तर द्यायचंय, आणि चौथ्यांदा कुणी विचारत नसतं. मी कुणाला न सांगता मनाशी ठरवलं होतं: आज पास झाले तर हो. नाहीतर निवृत्तीपर्यंत कॉलरी तपासायच्या.

तीन वाजले. पडद्यावर माझ्या खात्याची यादी आली. दोनच नावं. एक गोगलगाय, आजच भरती झालेली. दुसरं मी दोनदा वाचलं. दट्ट्या.

दट्ट्या म्हणजे माझी थोरली नणंद. निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडल्या पडल्या त्यांनी हा खेळ शोधून काढला आणि मला त्यात ओढलं. लग्न झाल्या झाल्या चादरीची घडी कशी घालायची ते वन्संनीच शिकवलं होतं, आता पाइप कसा जोडायचा तेही त्यांनीच. दोन्हीकडे शेवटचा शब्द त्यांचा.

"ताई आहे वाटतं?" माझा चेहरा बघून ह्यांनी विचारलं.

"आहेत. आणि ऐका, शिफ्ट संपेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही. नियम आहे. खेळातलं खेळात. मध्येच एकमेकींशी फोनवर बोललो तर चाचणी रद्द."

"मी कशाला बोलतोय तुमच्या भांडणात," असं म्हणून ते शब्दकोड्याकडे वळले.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. मी प्रमुखाच्या टेबलाशी बसून राहिले. गोगलगायीला मागच्या बोगद्यात पाठवलं, दट्ट्याला अणुभट्टीच्या कक्षात. मग भट्टीचा काटा जरासा हलल्यासारखा वाटला आणि माझी बोटं सवयीने धावली.

'वन्सं, जमलं तर तापमान बघता का?'

पाठवल्यावर कळलं. चाळीस जणांनी वाचलं होतं.

'वन्सं हे कुठलं पद?' गोगलगायीने विचारलं. 'ते मिळायला काय करावं लागतं?'

'जन्मावं लागतं,' दट्ट्याचं उत्तर आलं.

आचारी वायरलेसवर खो खो हसला. माझे कान तापले. निरीक्षक कुठेतरी लिहून घेत असणार.

'तापमान चारशे,' दट्ट्या पुढे म्हणाली. 'हा पाइपच बारीक आहे. काढून मोठा टाकते. दोन मिनिटं.'

आणि काढलासुद्धा. भट्टी चालू, आणि तिला थंड पाणी देणारा मुख्य पाइप जमिनीवर. चालू मशिनची सुई बदलायला घेण्यासारखंच हे. पाचशे. साडेपाचशे. हजारला भट्टी फुटते.

उपाय एकच होता. बोगद्यातला राखीव व्हॉल्व्ह उघडायचा. पण तो उघडला की कक्षात वाफेचा लोट येणार आणि आत असेल तो भाजून निघणार.

'मी व्हॉल्व्ह उघडू?' गोगलगायीने विचारलं.

'खबरदार,' दट्ट्या म्हणाली. 'मी आत आहे.'

'मग मी कुणाचं ऐकू?'

सातशे. कप्तानाचा आवाज वायरलेसवर आला, म्हणजे अक्षरंच ती, पण मला आवाज ऐकू आला. 'मुख्य अभियंता, स्थानक रिकामं करायचं का? हो की नाही?'

मी टाइप केलं, 'दट्ट्या, जमलं तर', आणि खोडलं. पुन्हा तेच उमटलं, पुन्हा खोडलं. दरम्यान माझी टाचणी भट्टीच्या कक्षात जायचा सूट घालायला कपाटाकडे निघालीसुद्धा होती. स्वतः जावं, पाइप बसवावा, कुणाला काही सांगायला नको. पहिला शेरा आठवला. तिला वळवून पुन्हा टेबलाशी आणली. पाठीला घामाने गाउन चिकटला होता.

'वन्सं, बाहेर येता का?'

'थांब गं. एकच स्क्रू राहिलाय.'

आठशे. आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला.

ह्यांनी उचलून बघितला. "ताईचा आहे." अंगठा बटणाकडे निघाला.

"ठेवा तो!"

"अगं, पण ताई—"

"खाली ठेवा. आत्ता. घ्यायचा नाही."

ह्यांनी चटका बसल्यासारखा फोन शब्दकोड्यावर ठेवला. तो वाजतच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझी बोटं त्याच दमात चालत होती.

'दट्ट्या, आहे तसं टाका आणि बाहेर या. गोगलगाय, मी तीन म्हटलं की व्हॉल्व्ह उघडायचा, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. कप्तान, स्थानक रिकामं करू नका.'

फोन थांबला.

'एक.'

नकाशावर दट्ट्याचा ठिपका कक्षातच. वन्संना शिजवून मारलं तर पुढची वीस वर्षं त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहणार मी? आणि नाही मारलं तर इथली चाळीस माणसं.

'दोन.'

ठिपका हलला नाही. नऊशे वीस. मी 'तीन' टाइप केलं. बोट बटणावर. डोळे मिटले असते, पण मग नकाशा दिसला नसता.

ठिपका दाराकडे सरकला. पाठवलं.

काटा थरथरला आणि उतरायला लागला. तापलेल्या पाइपात थंड पाणी शिरलं तसा मागचा बोगदा फुटला. गोगलगाय तिथेच उभी होती. फुटेपर्यंत तिने व्हॉल्व्हवरचा हात काढला नव्हता.

'काय झालं? पाइप कुणी काढला?' कप्तानाने विचारलं.

दट्ट्याचा ठिपका दाराबाहेर सरकला.

'माझ्या खात्याने,' मी लिहिलं. 'खात्यात काय बोलायचं ते मी बोलेन. बोगद्यात एक माणूस गेला. माझ्या हुकमावरून तिथे उभा होता. नोंद माझ्या नावावर करा.'

शिफ्ट संपली. पाच मिनिटांनी शेरा आला. 'हुकूम द्यायला चार मिनिटं लावलीत. दुसऱ्याच मिनिटाला दिला असता तर गोगलगाय वाचली असती. पद दिलं आहे. पुढच्या वेळी लवकर.'

मी तो तीनदा वाचला. तिन्ही वेळा 'पद दिलं आहे'पेक्षा आधीचं वाक्यच मोठं दिसलं.

फोन पुन्हा वाजला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "घेऊ का आता?"

"द्या इकडे."

"चाळीस जणांत मला बाहेर काढलंस," वन्सं म्हणाल्या.

"शिफ्टमध्ये फोन केलात तुम्ही."

"स्क्रू अडकला होता. वायरलेसवर कसं सांगणार? त्या आचाऱ्याने हसायला? पुढच्या रविवारी मी त्याच खात्यात येणार आहे, सांगून ठेवते."

"या. पण पाइप काढायच्या आधी मला विचारायचं."

बोलून गेले. फोन कट झाला का म्हणून मी पडद्याकडे बघितलं.

"बरं," वन्सं म्हणाल्या.

आता नाही तर कधीच नाही. "आणि वन्सं, उद्या मी सुपरवायझर होतेय."

ह्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"कुणाला विचारून?" वन्संचा आवाज पुन्हा शाळेतला झाला.

तळहात अजून ओलेच होते. फोन निसटू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला.

"कुणालाच नाही," मी म्हणाले.