अलीकडचा निवारा

डोंगरधारेच्या वाटेवर एकूण सात निवारे होते आणि त्यांची यादी कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेली होती. चौथ्यापुढे लिहिले होते : ‘वाकड्या सुळक्याच्या अलीकडे.’ यादी करणारा कारकून धारेवर कधी चढला नव्हता. पश्चिमेच्या पायथ्याशी, कार्यालयाच्या खिडकीशी बसून त्याने ती लिहिली, आणि त्या खिडकीतून पाहता ती अचूक होती.

यंदा तपासनीस मात्र पूर्वेकडून चढला, कारण गाडीरस्ता तिकडे झाला होता.

तो पोहोचला तेव्हा मिस्त्री छपरावर बसून पत्र्याचे हूक आवळत होते. हा निवारा तीस वर्षांपूर्वी त्यांनीच बांधला होता. निवृत्त झाल्यावरही हंगामभर ते बायकोसह तिथेच राहत.

“मिस्त्री, हा कितवा?” तपासनिसाने वही उघडली.

“चौथा, साहेब.”

“चौथा सुळक्याच्या अलीकडे हवा. सुळका मी केव्हाच मागे टाकला. हा तर पलीकडचा!”

“मग चौथा कुठे आहे?”

“तासभर शोधला. शेवटी बेपत्ता दाखवला.”

“आणि हा?”

“हा यादीत नाही, म्हणजे अनधिकृत. पाडावा लागेल. दगड चांगले आहेत, चौथा बांधायला उपयोगी पडतील.”

मिस्त्रींनी पाना पत्र्यावर ठेवला. गेल्या थंडीत धुके दोन दिवस हलले नव्हते, तेव्हा एकोणीस माणसे याच छपराखाली जगली होती. ते शिडीने खाली उतरले.

“साहेब, अलीकडे-पलीकडे हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं.”

“कार्यालय उभं नसतं, मिस्त्री. ते बसलेलं असतं.”

“मग यादीतला एक शब्द बदला.”

“शब्द बदलायला समिती लागते. पाडायला माझी सही पुरते.”

दारातून मिस्त्रींची बायको म्हणाली, “अहो, वाद कसला घालताय? साहेबांना जरा फिरवून आणा. चढून चढून डोकं तापलंय त्यांचं.”

अडतीस वर्षांच्या संसारात मिस्त्रींना एवढे कळले होते की, बायको पाहुण्यांविषयी गोड बोलू लागली की शब्द नीट ऐकावेत. त्यांनी तपासनिसाला धारेवरून पश्चिमेकडे नेले, दोनशे पावले मोजली आणि त्याला खांद्याला धरून फिरवले.

“समोर काय दिसतंय?”

“निवारा.”

“सुळका?”

“निवाऱ्याच्या मागे.”

“म्हणजे निवारा सुळक्याच्या...?”

तपासनीस सचोटीचा माणूस होता. डोळ्यांनी पाहिलेले नाकारणे त्याला जमेना. “अलीकडे,” तो पुटपुटला. “पण मी आलो तिकडून!”

“आलात तिकडून. आता परत निघाला आहात.”

बराच वेळ पेन्सिल चावून त्याने शेरा लिहिला : ‘चौथा निवारा परतीच्या वाटेवर सापडला. कायम करावा.’

निवारा वाचला. दोन महिन्यांनी दोन हमाल घाम गाळत लोखंडी फलक घेऊन आले : ‘निवारा क्रमांक ४. फक्त परतीच्या प्रवाशांसाठी.’ मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मग लेव्हल लावून तो सरळ ठोकला, कारण वाकडा फलक त्यांना फलकातल्या मजकुराहूनही असह्य होता.

त्याच दुपारी गारा कोसळल्या. पूर्वेकडून आलेले पाच जण कुडकुडत दाराशी आले, फलक वाचून थबकले. माणसे नियम पाळणारी होती.

“काका,” पुढचा म्हणाला, “आम्ही जाणारे आहोत, परतणारे नाही. पुढचा निवारा किती लांब?”

“तीन तास.”

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिले आणि पाठीवरच्या पिशव्या पुन्हा आवळल्या.

“अहो, बघत काय बसलात?” आतून आवाज आला.

मिस्त्री छत्री उघडून गारांत उतरले. “असं करा,” ते म्हणाले, “दहा पावलं पुढे जा, मागे वळा, आणि या आत. पायपुसणं उजव्या हाताला आहे.”