काल दिवसभर वणवण

वायरलेस ऑपरेटरने निरोपाचा कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि चहाचा कप उचलत म्हटले, "ताई, तुमचा बारक्या पठारावर जाऊन कवी झाला बघा."

बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ती ज्या कार्यालयात नोंदी ठेवी, तिथून पाठवलेल्या भूजल शोधणाऱ्या चौघांच्या तुकडीचा तो प्रमुख. नऊ दिवसांपूर्वी ते पायी निघाले होते, आणि आदल्या दिवसाचा निरोप रोज सकाळी येई; इथून उलट विचारायची सोय नव्हती. आजचा असा होता: "काल दिवसभर वणवण. एकवीस किलोमीटर. सगळे ठीक." खाली मुक्कामाचे अक्षांश-रेखांश.

तिने सवयीने नोंदवहीत 'प्रवास' लिहिले. नियम तिचाच होता. तुकड्या मनाला येईल ते लिहीत: मजल, पायपीट, रखडपट्टी, तंगडतोड, वणवण. शब्दकोश उघडला तर सगळ्यांचा अर्थ फिरून तोच, लांबचा आणि कष्टाचा प्रवास. संख्याशास्त्र शिकलेल्या तिला एकाच राशीची पाच नावे खपत नसत. जुन्या नोंदवह्याही तिने याच नियमाने नव्याने उतरवून घेतल्या होत्या.

पेन खाली ठेवताना मात्र तिची नजर पुन्हा त्या शब्दावर गेली. परवाच्या निरोपात त्याने 'पायपीट' लिहिले होते. पायपीट करणाऱ्याचे पाय दुखतात, पण कुठे जायचे ते त्याला ठाऊक असते. वणवण करणारा काहीतरी शोधत असतो, आणि ते त्याला सापडत नसते.

मूळ कागद तळघरात गठ्ठ्यांनी बांधलेले होते. अकरा वर्षे, दोनशे बारा तुकड्या. फक्त हरवलेल्या तुकड्यांचे कागद काढणे सोपे होते. पण असे सोयीचे तेवढेच तपासणाऱ्या शिकाऊंना तीच झापत असे. तिने आणि ऑपरेटरने सगळे गठ्ठे सोडले. दुपारी तीनपर्यंत दोघांचे हात धुळीने काळे झाले होते आणि ऑपरेटरच्या थट्टा संपल्या होत्या.

तो शब्द तीन तुकड्यांच्या कागदांत होता. एक तुकडी ठरल्या वाटेपासून चाळीस किलोमीटरवर योगायोगाने सापडली होती. उरलेल्या दोन परतल्या नव्हत्या. अकरा वर्षांत न परतलेल्या तुकड्या तेवढ्याच होत्या. तिच्या नोंदवहीत तिन्हींच्या पुढे 'प्रवास' होते, सुवाच्य अक्षरात.

साहेबांनी तिचा शोधासाठी गाडी मागणारा कागद वाचून चष्मा काढला. "बाई, तीन उदाहरणं. एखाद्या शिकाऊनं हे आणलं असतं तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवलं असतंत."

"पाठवलं असतं."

"आणि भाऊ आहे म्हणून..."

"तेही आहे, साहेब. त्यांच्याजवळ आता दोन दिवसांचं पाणी उरलंय. माझं चुकलं तर लोक हसतील. हसू देत."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग सही केली. "गाडी न्या. ड्रायव्हरला ठिकाण लिहून द्या."

ठिकाण लिहिण्यासाठी तिने नऊही निरोप योजनेच्या नकाशाशेजारी मांडले. पहिले सहा दिवस मुक्काम ठरल्या जागेपासून दोन-तीनशे मीटर इकडेतिकडे पडत होते. ओढे, खडक चुकवत चालणाऱ्यांचे तसेच पडतात. सातव्या दिवसापासून आकडे योजनेशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळत होते. इतके तंतोतंत माणूस जमिनीवर चालत नाही. कागदावर चालतो. जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारे यंत्र बंद पडले होते, आणि बहिणीला घोर लागू नये म्हणून तो योजनेतले आकडे उतरवून पाठवत होता. शब्द तेवढा त्याच्या हातून खरा निसटला होता.

ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. "ताई, पत्ता?"

तिने सहाव्या मुक्कामावर कंपासचे टोक रोवले. तीन दिवस, दिवसाला एकवीस. त्रेसष्ट किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ नकाशात मावले नाही. त्याची एक बाजू टेबलावर गेली.

ड्रायव्हरने नकाशा स्वतःकडे फिरवला. "हे सगळं?"

"हे सगळं."

"मग सुरुवात कुठून करू?"

तिने दक्षिणेच्या कडेवर बोट ठेवले.

"इथूनच का?"

"कुठूनतरी करायला हवीच." बोट तिने हलवले नाही. "पाणी भरून घ्या," ती म्हणाली. "मावेल तितकं."