पाण्याला मनाई नव्हती

दत्तात्रय कळंबे सरांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही. जे सांगायचं नाही ते कोणी विचारूच नये, एवढीच ते काळजी घेत.

आताही सौंसरहून मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे त्यांनी बशी सरकवली आणि संत्र्याच्या भावाचा विषय काढला. पण मुलाची आई केसरबाई भावात अडकणारी नव्हती.

"पोरगी लंगडून राह्यली का जी?"

"पाय मुरगळला," सरांच्या पत्नी सरलाबाई आतून म्हणाल्या. या घरात खोटं बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं.

अमृता ट्रे घेऊन उभी होती. अंदमानात पर्यटकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली नेणं, ही तिची नोकरी. महिन्यापूर्वी वर आली आणि डावा पाय बधिर झाला. तिथल्या डॉक्टरांनी तिला हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत ठेवलं आणि नंतर समजावून सांगितलं. खोल पाण्यातून वर येताना रक्तात वायूचे बारीक बुडबुडे होतात, फुप्फुसं ते गाळतात. पण हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल तर ते आडवाटेनं मेंदूकडे, मणक्याकडे जातात. तिचं छिद्र जन्माचं होतं. ते बुजवलं तर पुन्हा पाण्यात जाता येईल; न बुजवता गेली, तर पुढच्या वेळी पाय परत मिळेलच असं नाही.

गावी, पांढुर्ण्यात बातमी पोचेपर्यंत 'पोरीले गॅस झाला' एवढीच उरली. शेजारच्या पुष्पाकाकू ओव्याची पुडी देऊन गेल्या.

सरांना छिद्र नवं नव्हतं. अमृता दुसरीत असताना शाळेतल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, हृदयाला छिद्र वाटतं, नागपूरला दाखवा. सर तिला घेऊन स्टेशनवर गेलेही. फलाटावर निम्मं गाव उभं. "कुठं चालले, सर?" पहिल्याच प्रश्नाला ते माघारी फिरले. पोरीची जात, उद्या लग्न करायचं. मग त्यांनी घरीच उपचार सुरू केला. धावायचं नाही. लंगडी नाही, सायकल नाही, नाच नाही. कारण सांगितलं नाही. पाण्याला मात्र मनाई केली नाही. दिवसाआड नळ येणाऱ्या घरात ती भीती सुचणार कोणाला?

पाहुणे गेल्यावर अमृता पाय चोळत बसली.

"बाबा, लहानपणी मले धावू काहून नाही देत होते?"

"तब्येत नाजूक होती तुझी."

"डॉक्टर विचारे, घरी कोणालेच कसं नाही समजलं? मी म्हटलं, माझे बाबा मास्तर आहेत. समजलं असतं तर सांगतलं असतं."

सर चष्मा पुसू लागले. काच स्वच्छच होती.

"गुरुवारी नागपूरची तारीख आहे. छिद्र बुजवाची. चालता ना?"

"आता?" सर म्हणाले. "बोलणी चालू असताना? दवाखान्यात कोणी ना कोणी भेटतेच बाप्पा. लग्न होऊन जाऊ दे, मग तिकडून कर."

"त्याईले सांगून, का तुमच्यासारखं लपवून?"

सरलाबाई पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या.

"जमिनीवर काहीच करू देलं नाही तुम्ही," अमृता आवाज न चढवता म्हणाली. "मंग मी पाण्यात गेली. आता तेही बंद करून राह्यले."

बुधवारी सरांनी गच्चीवर जाऊन दवाखान्याला फोन लावला. पेशंटला ताप आहे, म्हणाले. पलीकडून दिवाळीनंतरची तारीख मिळाली. खाली येऊन त्यांनी लेकीला सांगितलं, "डॉक्टर रजेवर गेले म्हणे." सरलाबाईंनी वळून पाहिलं. त्यांचं खातं आज दुसऱ्यानं चालवलं होतं.

"बरं," अमृता म्हणाली आणि भरलेली बॅग रिकामी करू लागली.

शनिवारी सौंसरहून केसरबाईंचा फोन आला. लंगडण्याचं काही नाही, म्हणाल्या, पाय काय, बरा होते. पण पोरगी समुद्रावर राहून फार काळी पडली.